सगळ्यांचा श्वास वीस

आमच्या वाशिंद-शहापूर पट्ट्यात शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही एक इंग्रजी शब्द नीट येतो. रेफर. ‘त्याला रेफर केला’ असं कोणी म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. वाशिंदहून कल्याण, कल्याणहून ठाणे नाहीतर कळवा, तिथून सायन किंवा केईएम. घरातली बाई पदराच्या गाठीचे पैसे सोडते, एक पुरुष गाडीत बसतो, बाकीचे फोनची वाट बघत ओट्यावर बसतात. गाडी पडघ्यावरून निघते आणि वडपे ते माजिवडा हा टप्पा किती वेळात पार होईल, हे चालकालाही सांगता येत नाही. मी याच पट्ट्यातली आहे. परिचारिका आहे. अतिदक्षता परिचर्येत एमएस्सी केलं आहे. आणि या शब्दाबद्दल माझ्या मनात जो राग साठला आहे, तो आज कागदावर उतरवते आहे.

रेफर करणं चूक नाही. ज्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आहे त्याला मोठ्या शहरात न्यावंच लागेल. माझा प्रश्न रेफरच्या चिठ्ठीआधीच्या पाच-सहा तासांबद्दल आहे. त्या तासांत त्या माणसाकडे कोण बघत होतं? आणि जी बघत होती तिला काय बघायचं ते कोणी शिकवलं होतं?

मला शिकवलं नव्हतं, आणि त्याची किंमत एका माणसाने दिली.

जीएनएम ही परिचर्येची पदविका घेऊन सात-आठ महिने झाले होते. महामार्गालगतच्या एका लहान खासगी रुग्णालयात मी रात्रपाळीला होते. पहाटे तीनच्या सुमारास कातकरी वाडीवरच्या एका तरुणाला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलं. पोटात दुखतंय, एवढंच तो सांगत होता. घरात जमिनीवर झोपला होता. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. डॉक्टरांनी पोटदुखीचं इंजेक्शन आणि सलाईन लिहून दिलं आणि ते वर झोपायला गेले. त्याची बायको दोनदा माझ्या टेबलापाशी आली. ‘बाय, याचं डोलं उघडत नाय.’ मी म्हटलं, इंजेक्शनची गुंगी आहे, झोपू दे त्याला. टीपीआरच्या कागदावर मी ताप लिहिला, नाडी लिहिली आणि श्वासाच्या रकान्यात वीस लिहिलं. मी श्वास मोजला नव्हता. आमच्याकडे तो कोणी मोजत नाही. कुठल्याही वॉर्डातले तीस कागद काढून बघा, सगळ्यांचा श्वास वीस असतो. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्याचाही वीस आणि बाळंतिणीचाही वीस. सहा वाजता तो निळा पडला. गाडी येईपर्यंत संपला होता.

त्याला मण्यार चावली होती. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावा बहुतेक वेळा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पुढे काही तासांत पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. त्याची बायको मला रोगाचं निदान सांगत होती आणि मी तिला झोपू दे म्हणत होते. अशा रुग्णाला एका श्वासात एक-दोन-तीन मोजायला लावायचं आणि तो आकडा दर पंधरा मिनिटांनी लिहायचा. मघाशी पंचवीसपर्यंत जाणारा माणूस बारावर अडकला, म्हणजे स्नायू हरत चालले आहेत. उशीवरून डोकं उचलून धरता येतं का, ते बघायचं. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. प्रतिविष लवकर सुरू करायचं, आणि श्वास कमी पडू लागला की ॲम्बू बॅगने हाताने श्वास देत पुढे न्यायचं. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा पुरेशी यंत्रं नव्हती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, आठवडेच्या आठवडे, हाताने रबरी पिशव्या दाबून लोकांना जगवलं. जगातला अतिदक्षता विभाग त्या हातांतून जन्माला आला. मण्यारीच्या रुग्णालाही तेच हवं असतं. विषाचा अंमल उतरेपर्यंत कोणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा.

हे सगळं मला नीट कळलं ते आठ वर्षांनी, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी. म्हणून जेव्हा कोणी मला विचारतं की नर्सला एवढं शिकून काय करायचं आहे, तेव्हा मला तो कागद आठवतो, त्यावरचं माझं अक्षर आठवतं, आणि मला सौम्य उत्तर देता येत नाही.

लोकांना रुग्णालयाच्या दोनच खोल्या माहीत आहेत, जनरल वॉर्ड आणि आयसीयू. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी जागा असते. तिला एचडीयू म्हणतात. तिथल्या रुग्णाला व्हेंटिलेटर लागत नाही, पण त्याला वॉर्डात तीस जणांत सोडताही येत नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००० साली रुग्णांच्या शून्य ते तीन अशा पातळ्या ठरवल्या. त्यातली क्रमांक दोनची पातळी म्हणजे ही जागा. बाळंतपणात खूप रक्त गेलेली बाई, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेला म्हातारा, जंतुसंसर्ग रक्तात भिनू लागलेला मधुमेही, महामार्गावर अपघात होऊन बरगड्या मोडलेला तरुण, प्रतिविष चालू असलेला शेतकरी. आमच्या भागातल्या रेफर होणाऱ्या माणसांची यादी काढली तर बरीचशी इथेच येते.

या जागी मुख्य काम बघण्याचं आहे. तासाला लघवी किती झाली? साठ किलोच्या माणसाची ताशी तीस मिलीलीटरच्या खाली गेली की मूत्रपिंडाला रक्त कमी पडतंय. श्वास मिनिटाला किती? वीसचा चोवीस झाला, चोवीसचा अठ्ठावीस झाला, तर रक्तदाब अजून चांगला दिसत असला तरी शरीर हरायला लागलेलं असतं. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप या सगळ्याला गुण देऊन बेरीज करायची ब्रिटिश पद्धत २०१२ पासून वापरात आहे. बेरीज सातवर गेली की मोठ्या डॉक्टरला उठवायचं, मध्यरात्र असली तरी. १९९० साली मायामीच्या एका रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचे कागद तपासले गेले. त्यांतल्या ८४ टक्के रुग्णांमध्ये घटनेच्या आधीच्या आठ तासांत बिघाडाची चिन्हं कागदावर होती. कागद बोलत होता आणि तो वाचणारं कोणी नव्हतं. आमचा कागद तर बोलतही नाही, कारण त्यावर वीस लिहिलेलं असतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. तेव्हा ठाण्याच्या जुन्या सिव्हिल रुग्णालयाची जागा पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली होती आणि जिल्ह्याचा भार कळव्यावर पडला होता. अनेक रुग्ण शेवटच्या अवस्थेत आले होते, असा खुलासा झाला. मी तो खुलासा खोटा म्हणत नाही. पण शेवटची अवस्था आभाळातून पडत नाही. तिच्याआधी मधली अवस्था असते, आणि ती आमच्या तालुक्यात, आमच्या खाटांवर, आमच्या डोळ्यांदेखत घडते. तिथे माणूस नेमलेला नसतो, नेमलेला असला तर शिकवलेला नसतो, आणि शिकलेला असला तर त्याला तिथे ठेवायला पद नसतं.

या शेवटच्या वाक्यावर मला थांबायचं आहे, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

अभ्यासक्रम नाहीत असं नाही. अतिदक्षतेतला एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. मेडिकल-सर्जिकल एमएस्सीत अतिदक्षतेची शाखा आहे. भारतीय परिचर्या परिषदेने ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा अतिदक्षतेतला दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला, त्यालाही दशक होत आलं. तो बहुतांश खाटेशेजारीच शिकायचा असतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आहे. २०२३ मध्ये १९४७ चा परिचर्या परिषद कायदा बाजूला सारून नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा संसदेने मंजूर केला. कागद भरपूर झाला आहे. आता सरकारी सेवेतली पदं बघा. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका, पाठ्यनिर्देशिका. अधिपरिचारिका होण्यासाठी जीएनएम किंवा बीएस्सी पुरतं. एमएस्सी झालेलीला त्या शिक्षणाचा उपयोग करायचा तर पाठ्यनिर्देशिका व्हायचं, म्हणजे वर्गात जाऊन शिकवायचं. आपल्या व्यवस्थेत गंभीर रुग्णाबद्दल जितकं अधिक शिकाल तितके तुम्ही गंभीर रुग्णापासून दूर जाता. हृदयाची शस्त्रक्रिया शिकलेल्या डॉक्टरला आपण म्हणत नाही की आता शस्त्रक्रिया बंद, यापुढे फळ्यावर आकृत्या काढा. परिचारिकेला आपण नेमकं हेच सांगतो आणि त्याला बढती म्हणतो.

माझं झालं तेही सांगते. नाव घेणार नाही, कारण अशी ठिकाणं शेकड्यांनी आहेत. जीएनएमनंतर दोन वर्षं पोस्ट बेसिक बीएस्सी, मग दोन वर्षं एमएस्सी. काही पैसे आईने जमिनीच्या तुकड्यावर उचलून दिले. पदवी घेऊन मी एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत परत गेले. पगारात एक रुपया वाढला नाही. मेट्रन म्हणाल्या, ‘एवढं शिकलात सिस्टर, मग वॉर्डात कशाला मरता? कॉलेजात जा.’ त्या मनाने चांगल्या बाई होत्या, मला वाट दाखवत होत्या. मी म्हटलं, मला इथेच राहायचंय. मग महिनाभरात माझी बदली क्वालिटीच्या टेबलावर झाली, फायली जुळवायला. माझी मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे अडकवलेली होती. सोडून जायचं तर बाँडचे पैसे भरा. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये आदेश दिला, त्यावरून केंद्राची समिती बसली. २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली नाही, असं तिने सुचवलं. कल्याण ते कसारा लाईनवर राहणाऱ्या मुलींना जाऊन विचारा, त्या शिफारशीतलं त्यांच्या हातात काय पडलं.

पदवीला खाटेशेजारी किंमत नसली की पदवी विकत घेण्याची वस्तू होते. ‘नॉन-अटेंडिंग’ हा शब्द आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. फी भरा, घरी बसा, परीक्षेला या. जिला कधी व्हेंटिलेटरच्या रुग्णाची सक्शन स्वतः करावी लागली नाही, ती अतिदक्षतेतली पदव्युत्तर पदवी मिळवते आणि उद्या इतरांना अतिदक्षता शिकवते. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने ३०८ नर्सिंग कॉलेजं तपासली आणि त्यांतली फक्त १६९ योग्य ठरली. पुढे त्या तपासातलेच अधिकारी लाच घेताना पकडले गेले, मे २०२४ मध्ये. आपल्या राज्यात असं नाही म्हणून छाती फुगवण्याआधी प्रत्येक पालकाने आपल्या मुलीला एकच प्रश्न विचारावा, ‘बाळा, तुझ्या कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय कुठे आहे, आणि तिथे काल रात्री किती रुग्ण होते?’

आणि काही घडलं की पहिली कॉलर कोणाची धरली जाते? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. गुन्हा परिचारिकांवर दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूला आग लागून ११ रुग्ण गेले. अटक एका महिला डॉक्टरला आणि परिचारिकांना झाली. ज्या बाळांचा आणि रुग्णांचा जीव गेला त्यांच्या घरच्यांच्या दुःखापुढे मी मान खाली घालते. कोणी निष्काळजी असेल तर शिक्षा व्हावी. पण वायरिंग परिचारिकेने केलेलं नसतं, अग्निसुरक्षेची तपासणी तिच्याकडे नसते, किती खाटांमागे किती जणी हे ती ठरवत नाही. निर्णय घेताना तिला विचारायचं नाही आणि जबाबदारी वाटताना तिला पुढे करायचं, हे मला मान्य नाही. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या, तेव्हा रुग्णांचे हाल करता म्हणून त्यांनाच बोल लावला गेला. कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी आलेली मुलगी अतिदक्षता शिकायला कधी जाणार, याचं उत्तर बोल लावणाऱ्यांनी द्यायला हवं होतं.

मला नेहमी ऐकवलं जातं की अनुभवाने सगळं येतं, पदवीने काय होतं. ज्या अनुभवाने मला सगळ्यांचा श्वास वीस लिहायला शिकवलं, त्या अनुभवाबद्दल मला सांगू नका. चुकीची सवय वीस वर्षं केली म्हणून ती अनुभव होत नाही. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नऊ युरोपीय देशांतला अभ्यास आला. ३०० रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून जास्त रुग्ण. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढत होती. आणि पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं की ती सात टक्क्यांनी कमी होत होती. हातांची संख्या आणि डोक्यातलं शिक्षण, दोन्ही लागतं. म्हणूनच ब्रिटनच्या अतिदक्षता विभागांच्या मानकांत निम्म्या परिचारिका तरी अतिदक्षतेचं पुढचं शिक्षण घेतलेल्या असाव्यात, अशी अट आहे. आणि म्हणूनच ते आमच्या मुली नेतात. मुली पैशाला भुलल्या असं म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. त्या तिथे खाटेशेजारी उभ्या आहेत, जिथे उभं राहायला त्या शिकल्या होत्या.

डॉक्टरच नाहीत तिथे नर्सचं काय, हेही ऐकते. डॉक्टर नाहीत म्हणूनच. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाचा उपचार बदलला तो तासातासाने रुग्णाकडे बघून, नाडी-रक्तदाबाच्या नोंदी ठेवून. ते निरीक्षण मोठ्या शहरातून आलं नाही, कोकणातल्या साध्या खाटेपाशी झालं. तालुक्याला एक डॉक्टर रात्री ऐंशी रुग्णांमागे असेल तर त्याला कोणत्या एका रुग्णासाठी आत्ता उठवायचं हे ठरवणारी बाई त्याच्याइतकीच मोलाची आहे.

केईएममध्ये अरुणा शानभाग एका हल्ल्यानंतर नोव्हेंबर १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत खाटेला खिळून होती. ती स्वतः परिचारिका होती, आणि तिच्यावर जे झालं ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. एवढ्या वर्षांत तिला शय्याव्रण झालं नाही. खाटेला खिळलेल्या माणसाची कातडी किती लवकर फाटते, हे ज्याने घरात म्हातारं माणूस सांभाळलं आहे त्याला ठाऊक आहे. चार दशकं, पाळीमागून पाळी, कूस बदलणं, पुसणं, भरवणं. तिच्याबद्दलच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या परिचारिकांची मनापासून स्तुती केली. देशाने डोळे पुसले. मला स्तुतीपेक्षा त्या कामाची विद्या म्हणून नोंद झालेली हवी होती. आपण त्याला ममता म्हटलं आणि ममतेला पगारश्रेणी नसते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आरोग्य पायाभूत सुविधा अभियानातून ६०२ जिल्ह्यांत क्रिटिकल केअर ब्लॉक बांधायचे ठरले. इमारती होतील. मॉनिटर येतील, इन्फ्युजन पंप येतील, फीत कापली जाईल. मॉनिटर वाजतो, पण वाजण्याचा अर्थ त्याला कळत नाही. रात्री दोन वाजता तो वाजल्यावर आवाज बंद करणारी आणि रुग्णाकडे धावणारी, या दोघींत शिक्षणाचा फरक असतो.

मी मोठं काही मागत नाही. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांना सहा-सहा खाटांची एचडीयू. दोन रुग्णांमागे एक परिचारिका म्हणजे पाळीला तीन, तीन पाळ्यांना नऊ, रजा-सुट्टीसाठी तीस टक्के धरले की एका एचडीयूला बारा. त्यातल्या निम्म्या अतिदक्षता शिकलेल्या हव्यात. त्यांना खाटेशेजारचं वेगळं पद हवं, वेगळी वेतनश्रेणी हवी, ठरलेल्या नियमांत औषध सुरू करण्याचा आणि डॉक्टरला उठवण्याचा लेखी अधिकार हवा. आणि रेफरच्या गाडीत त्यातली एक बसलेली हवी.

माणसं मिळत नाहीत, हे उत्तर मला कोणी देऊ नये. गेल्या महिन्यात बसून मी या दोन तालुक्यांतल्या, माझ्या ओळखीच्या, अतिदक्षतेत एमएस्सी किंवा डिप्लोमा केलेल्यांची यादी काढली. माझ्यासकट चौदा नावं निघाली. दोघी ब्रिटनमध्ये आहेत, एक मस्कतला. पाच जणी कॉलेजांत शिकवतात. चौघी पहाटेची लोकल धरून ठाण्या-मुंबईच्या आयसीयूत जातात आणि रात्री नऊला आसनगाव-वाशिंदला उतरतात. एक जण विम्याच्या कंपनीत दाव्यांचे कागद तपासते. आणि एक खर्डीत सासऱ्यांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसते. तिला परवा फोन केला. दुकानात कोणी धाप लागलेला आला तर तेल मोजता मोजता ती अजून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्याचा श्वास मोजते. गेल्या पावसाळ्यात एकाचा अडतीस भरला, तेव्हा तिने सामान बाजूला ठेवून त्याला रिक्षात घातलं.